गाण्यासाठी कोरी सीडी कशी निवडावी: सांगली-मिरजेतल्या नवशिक्यांसाठी

सांगली-मिरजेत गाण्याची सीडी अजून लागते. शाळेच्या गॅदरिंगला नाचाचं गाणं द्यायचं असतं आणि साऊंडवाल्याकडे सीडी प्लेअर असतो. भजनी मंडळातल्या ज्येष्ठांना पेनड्राईव्हपेक्षा सीडी सोपी वाटते, कारण एक बटण दाबलं की पहिला अभंग सुरू होतो. मिरजेत गाणं शिकणाऱ्या मुलामुलींना तालमीचं रेकॉर्डिंग घरच्या जुन्या सिस्टिमवर ऐकायचं असतं. शिवाय कित्येक घरांत वडिलांनी, आजोबांनी भरून घेतलेल्या कॅसेट आहेत, रेडिओवरून टेप केलेली नाट्यपदं आहेत. ती फीत चिकटायच्या आत उतरवून घेणं गरजेचं आहे.

कामाला बसलं की पहिला प्रश्न येतो, कोरी सीडी कुठली आणायची? बहुतेक जण कंपनीचं नाव सांगतात आणि विषय संपवतात. माझं मत वेगळं आहे. कंपनीचं नाव ही खूप कच्ची खूण आहे. सीडी कोणत्या कारखान्यात झाली आणि ज्या प्लेअरवर ती वाजणार आहे तिथे कशी चालते, हे स्वतः तपासून घेतलं तरच भरवसा ठेवता येतो. ही तपासणी अवघड नाही. एका संध्याकाळी होण्यासारखी आहे.

दुकानात नेमकं काय मागायचं

'सीडी-आर' मागा, ७०० एमबी, ८० मिनिटांची. 'सीडी-आरडब्ल्यू' नको. ती पुसून पुन्हा भरता येते हे खरं, पण तिच्यावरून परत येणारा उजेड फार कमी असतो. सीडी-आर जवळपास ६५ ते ७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू साधारण १५ ते २५ टक्केच. जुन्या म्युझिक सिस्टिमला आणि गाडीतल्या प्लेअरला तेवढ्यावर वाचता येत नाही. मग 'नो डिस्क' येतं आणि प्लेअर बिघडला असं वाटून माणूस रिपेअरवाल्याकडे जातो.

९० किंवा ९९ मिनिटांच्या सीड्या कुठे दिसल्या तरी घेऊ नका. ठरलेल्या मापापेक्षा खाचा जास्त दाट बसवून ती जादा जागा काढलेली असते, आणि असली सीडी वाचताना जुने प्लेअर हमखास चुकतात. 'म्युझिक सीडी-आर' किंवा 'फॉर ऑडिओ' असं लिहिलेल्या सीडीला जास्त पैसे देण्याचंही कारण नाही. ती टीव्हीखाली ठेवायच्या स्वतंत्र ऑडिओ रेकॉर्डर मशीनसाठी वेगळी खूण घालून काढलेली असते. कॉम्प्युटरवर राईट करणाऱ्याला तिचा काही फायदा नाही.

डीव्हीडी घेऊन त्यावर गाणी टाकली तर ती साध्या सीडी प्लेअरवर वाजत नाही, एवढं नवख्यांनी लक्षात ठेवलं तरी पुरे.

सीडीच्या पोटात काय असतं

हे थोडं समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे जातात, म्हणून इथे घाई करत नाही.

सीडी-आरचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८८ मध्ये ठरवले आणि जपानच्या तायो युदेन या कंपनीने तशी सीडी बनवून दाखवली. या सीडीत चार थर असतात. सगळ्यात खाली, म्हणजे लेझर जिकडून येतो तिकडे, पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती असते. सीडीची १.२ मिलिमीटर जाडी जवळजवळ सगळी याच चकतीची. तिच्यावर रंगाचा पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरशासारखा थर, आणि सगळ्यात वर लाखेसारखा एक बारीक लेप. त्या लेपावरच कंपनीचं नाव छापलेलं असतं.

म्हणजे तुमचं गाणं खालच्या चकचकीत बाजूला नसतं. ते वरच्या, नाव छापलेल्या बाजूला अगदी लागून असतं. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर तो जाड प्लास्टिकवर पडतो आणि बऱ्याचदा पॉलिश करून निभावतं. वरच्या बाजूला बॉलपेनने जोरात नाव लिहिलं किंवा नख ओढलं, तर आरशाचा थरच उचकटतो आणि तिथलं गाणं कायमचं जातं. लोक नेमकं उलटं वागतात. खालची बाजू फुलासारखी जपतात आणि वरची बाजू टेबलावर घासतात.

राईट करताना लेझरच्या उष्णतेने त्या रंगात बारीक खुणा उमटतात. छापील सीडीत जसे खड्डे असतात, त्याचं काम इथे या खुणा करतात. त्यामुळे रंग कोणता आहे याला महत्त्व आहे. सायनिन हा सर्वात जुना. चांदीवर तो निळसर-हिरवा दिसतो आणि प्रकाशाला जरा नाजूक असतो. थॅलोसायनिन फिकट, जवळजवळ रंगहीन, किंचित हिरवट-पिवळसर झाक असलेला. तो उन्हाला आणि वयाला चांगला टिकतो. अॅझो गडद निळा, तोही टिकाऊ. जपानच्या मित्सुबिशी केमिकलने तो आणला आणि व्हर्बाटिमच्या सीड्यांमुळे तो लोकांना माहीत झाला. आजकाल मिळणाऱ्या सीड्यांपैकी बऱ्याच थॅलोसायनिनच्या असतात.

आरशाच्या थराचंही पाहायला हवं. चांदी स्वस्त आणि चमकदार, पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. देवघरातली चांदीची भांडी जशी काळी पडतात तसंच हे आहे, फक्त इथे चिंच लावून घासता येत नाही. कडेचा लेप नीट बसलेला नसेल तर हवा आणि ओल तिथूनच आत शिरते. सोनं काळं पडत नाही, म्हणून दप्तरखान्यासारख्या कामाला सोन्याच्या थराच्या सीड्या वापरल्या जातात. त्या महाग असतात आणि आपल्याकडच्या दुकानांत क्वचितच दिसतात. वरच्या बाजूला सोनेरी रंग छापलेला आहे एवढ्यावरून आत सोनं आहे असं समजू नका.

नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

डब्यावरच्या नावावर मी का विसंबत नाही, ते सांगतो. कोऱ्या सीडीच्या धंद्यात ज्यांचं नाव डब्यावर असतं त्यांच्यापैकी अनेकांचा स्वतःचा कारखाना कधीच नव्हता. माल तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडून किंवा राइटेककडून यायचा, भारतात मोझर बेअरकडून यायचा, आणि वर वेगवेगळी नावं छापली जायची. एकाच नावाच्या डब्यात एका वर्षी एका कारखान्याचा माल असे, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा.

आपल्या पिढीला मोझर बेअर चांगलं आठवतं. १९८३ मध्ये सुरू झालेली ही दिल्लीची कंपनी. नोएडाकडच्या तिच्या कारखान्यांतून जगभर कोऱ्या सीड्या जायच्या, आणि सिनेमाच्या स्वस्त व्हीसीडी घरोघरी पोचवणारीही तीच. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि तिची मालमत्ता विकायचा आदेश झाला. त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस, तायो युदेनने सीडीचं उत्पादन थांबवलं होतं. संगीताच्या सीडीसाठी जाणकार लोक पूर्वी याच कंपनीचं नाव पहिलं घ्यायचे. २०१९ मध्ये व्हर्बाटिम हे नाव मित्सुबिशीकडून सीएमसीकडे गेलं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी दिलेला सल्ला आज तसाच लागू पडत नाही. "अमुक कंपनीची घे, माझी अजून चालते," असं काका सांगतात ते खोटं नसतं, पण त्यांची सीडी ज्या कारखान्यातून आली तो आता बंदही असेल. आणि आज कुठे मोझर बेअरचा किंवा तायो युदेनचा सीलबंद डबा मिळाला, तर तो कित्येक वर्षं दुकानात पडून आहे हे उघड आहे. न भरलेल्या सीडीतला रंगही म्हातारा होत असतो. कोरी सीडी पाच ते दहा वर्षं टिकते असं उत्पादक साधारणपणे धरतात. तेव्हा जुन्या नामांकित मालासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा सध्या निघणारा ताजा माल बरा.

दुकानात हातात घेऊन पाहताना

कोऱ्या सीड्या ठेवणारी दुकानं आता कमी झाली आहेत. कॉम्प्युटरच्या दुकानात, फोटो स्टुडिओत, जुन्या स्टेशनरीच्या दुकानात मागच्या फळीवर विचारावं लागतं. ऑनलाईनही मिळतात, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने शक्यतो समोर पाहून घ्याव्यात.

दुकानदाराला "ही चांगली आहे का काका?" असं विचारून उपयोग नाही. "चांगलीच आहे, सगळे हीच नेतात," असंच उत्तर येणार. त्यापेक्षा सरळ म्हणा, "काका, पाच सुट्ट्या द्या. घरी राईट करून बघतो, चालल्या की याच डब्यातल्या पन्नास नेतो." सांगलीतल्या दुकानदारांना असं बोलणं कळतं. पुढच्या गिऱ्हाइकीची आशा असली की ते स्वतःच नवा डबा फोडून देतात.

डबा कुठे ठेवलेला होता ते बघा. दर्शनी काचेजवळ, जिथे दुपारचं ऊन येतं, तिथला डबा घेऊ नका. ऊन आणि उष्णता हे या रंगाचे खरे शत्रू. कागद पिवळा पडलेला, प्लास्टिक वेष्टण ढिलं झालेलं किंवा परत चिकटवल्यासारखं दिसलं तर नको म्हणा.

मग एक सीडी कडेने धरा आणि ट्यूबलाइटकडे करून आरपार बघा. चांगल्या सीडीत उजेड सगळीकडे सारखा आणि अंधुक दिसतो. सुईच्या टोकाएवढे लखलखीत ठिपके दिसले तर तिथे आरशाचा थर बसलेलाच नाही. एखादा ठिपका चालून जातो, पण विखुरलेले अनेक ठिपके असतील तर तो डबा सोडा. आता सीडी उलटी करून बाहेरच्या कडेवरून तिरकी नजर टाका. रंगाचा थर कडेपाशी लाटेसारखा वाकडातिकडा संपत असेल, मध्ये बुडबुड्यासारखे गोल किंवा फराट्यासारखे पट्टे असतील, तर रंग ओतताना गडबड झालेली आहे. शेवटी सीडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून ती वाकलेली नाही ना ते बघा.

कडेकडे एवढं लक्ष का द्यायचं? सीडी आतून बाहेर भरत जाते. पहिलं गाणं मध्याजवळ, शेवटचं कडेजवळ. रंग सारखा पसरवणं सगळ्यात अवघड असतं ते कडेपाशी. बोटं लागतात तिथेच आणि ओलही तिथूनच शिरते. मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर शेवटी भैरवी असते. म्हणजे सीडी खराब निघाली तर सगळ्यात आधी भैरवीच जाते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो, ८० मिनिटांच्या सीडीत ७२-७५ मिनिटांवर थांबा. उरलेलं दुसऱ्या सीडीत जाऊ द्या.

घरी आणल्यावर: आधी कारखाना ओळखा

कोऱ्या सीडीच्या चकतीत कारखान्यातच एक नागमोडी खाच कोरलेली असते. ती किंचित डुलत जाते आणि त्या डुलण्यात माहिती भरलेली असते. तिला एटिप म्हणतात. राईट करताना लेझरला आपण कुठे आहोत हे त्यातूनच कळतं, आणि कारखान्याचा कोडही त्यातच असतो.

हा कोड पाहायला इमेजबर्न (ImgBurn) हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते जुनं आहे, २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, तरी या कामाला अजून चोख चालतं. ते उघडून राईट करायचा पर्याय निवडा आणि कोरी सीडी घाला. उजव्या बाजूच्या माहितीत ९७ मिनिटांनी सुरू होणारी एक वेळ दिसेल, तोच कोड, आणि तिच्या शेजारी कारखान्याचं नाव. वेळेतला फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. ९७ मिनिटं २६ सेकंद ६६ फ्रेम म्हणजे सीएमसी. ९७ मिनिटं १५ सेकंद १७ फ्रेम म्हणजे राइटेक. ९७ मिनिटं २४ सेकंद १ फ्रेम असेल तर तायो युदेन. हा आकडा एका वहीत लिहून ठेवा, शेजारी डब्यावरचं नाव आणि खरेदीची तारीख.

कोड म्हणजे शेवटचा पुरावा मात्र नाही. कारखान्याचे साचे विकले जातात आणि कोडची नक्कलही होते. त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. या वेळी चांगल्या निघालेल्या सीडीचा कोड पुढच्या डब्यात बदललेला दिसला, तर माल बदलला हे लगेच कळतं आणि परीक्षा पुन्हा घ्यायची हे ठरतं.

कोणताही कोड दिसत नाही, किंवा सीडी घातल्यावर ड्राईव्ह बराच वेळ घरघरत राहतो, असं झालं तर लगेच सीडीला दोष देऊ नका. बारीक यूएसबी रायटर लॅपटॉपच्या एका पोर्टवरच्या करंटवर चालतो आणि पोर्ट कमजोर असेल तर अडखळतो. हब काढा, रायटर थेट लॅपटॉपला लावा, पोर्ट बदलून बघा. रायटरला दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा.

मग राईट करा आणि परीक्षा घ्या

परीक्षेची सीडी काठोकाठ भरा. दोन गाणी टाकून पाहिली तर कडेचा भाग तपासलाच जात नाही.

फाईल वेव्ह किंवा फ्लॅक असावी, या प्रकारांत आवाजातलं काही गाळलं जात नाही. एमपीथ्रीवरून ऑडिओ सीडी केली तरी गेलेला आवाज परत येत नाही. नवख्यांना इथे एक कोडं पडतं. सीडी ७०० एमबीची आणि ८० मिनिटांचं वेव्ह रेकॉर्डिंग ८०० एमबीच्या वर, मग ते मावतं कसं? मावतं. डेटा सीडीत प्रत्येक २३५२ बाईटच्या तुकड्यातले २०४८ बाईटच तुमच्या कामाला येतात, बाकीचे चुका दुरुस्त करण्यासाठी आणि खुणांसाठी राखून ठेवलेले असतात. ऑडिओ सीडीत ते सगळे २३५२ बाईट गाण्यालाच मिळतात. म्हणून संगीताच्या सीडीत एमबी मोजू नका, मिनिटं मोजा. आणि याच कारणाने डेटा सीडीपेक्षा ऑडिओ सीडीत चुका सावरायला जागा कमी असते. गाण्यासाठी सीडी चांगली हवी, ती यामुळेच.

वेग १६ एक्स किंवा २४ एक्स ठेवा, म्हणजे गाणं वाजण्याच्या वेगाच्या १६ किंवा २४ पट. डब्यावर ५२ एक्स लिहिलेलं असतं, पण तेवढ्या वेगात सीडी थरथरते आणि खुणा नीट उमटत नाहीत. १६ एक्सला भरलेली सीडी व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, ५२ ला तीनेक. तीन मिनिटं वाचवून काय करणार? काही जण उलट सल्ला देतात की अगदी १ किंवा ४ एक्सवर राईट करा. जुन्या सीड्यांसाठी तो बरोबर होता. आताचा रंग वेगवान लेझरसाठीच बनवलेला असतो, आणि फार हळू राईट केल्याने फायदा होत नाही, कधी चुका वाढतातही. तुमच्या रायटरवर १६ आणि २४ दोन्ही वेगांनी एकेक सीडी करून बघा आणि जो वेग बरा ठरेल तो कायम ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क ॲट वन्स' निवडा, 'ट्रॅक ॲट वन्स' नको. शास्त्रीय गाण्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ट्रॅक ॲट वन्समध्ये प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता पडते. सुटी भावगीतं असतील तर काही बिघडत नाही. पण विलंबित आणि द्रुत ख्याल वेगळ्या ट्रॅकमध्ये केले असतील आणि मध्ये तबला चालूच असेल, तर ऐन आवर्तनात दोन सेकंद सगळं बंद पडतं. सम कुठे आली ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. डिस्क ॲट वन्समध्ये मधलं अंतर शून्य ठेवता येतं. शेवटी सीडी फायनलाइज किंवा क्लोज करायला विसरू नका, नाहीतर ती फक्त तुमच्याच रायटरवर दिसेल.

राईट करताना लॅपटॉप वापरत असाल तर बॅटरी भरलेली असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय बसू नका. मधेच लाईट गेली तर ती सीडी वाया जाते.

आता तपासणी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर सीडीवरचं गाणं पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवून घेतं आणि शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं. त्यातला 'टेस्ट अँड कॉपी' हा पर्याय चालवा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे आकडे जुळले का ते सांगितलं जातं. सगळे ट्रॅक जुळले, गुणवत्ता १०० टक्के किंवा अगदी जवळ दिसली, वाचण्याचा वेग शेवटच्या ट्रॅकपर्यंत पडला नाही, तर सीडी पास. शेवटच्या दोन-तीन ट्रॅकना वेळ लागला तर कडेचा रंग बरोबर नाही.

ज्यांच्याकडे तशी सोय असलेला ड्राईव्ह आहे त्यांनी नीरो डिस्कस्पीड या सॉफ्टवेअरमध्ये सी-वन आणि सी-टू चुकाही मोजाव्यात. सी-वन म्हणजे सहज दुरुस्त होणाऱ्या चुका. त्या प्रत्येक सीडीत असतात. नियमाने सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चालतात, पण चांगली सीडी त्याच्या खूप खाली राहते. सी-टू म्हणजे त्या पहिल्या दुरुस्तीतून सुटलेल्या चुका. त्या मात्र नव्या सीडीत शून्यच हव्यात. एखादी जरी दिसली तरी तो डबा दुकानात परत करा. सगळे ड्राईव्ह या चुका मोजू देत नाहीत, म्हणून मोजणी जमली नाही तर बेचैन होऊ नका.

शेवटची आणि सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे ज्या प्लेअरवर ती वाजायची आहे त्यावर वाजवणं. देवळातला प्लेअर असो, गाडीतला असो की आजोबांच्या खोलीतला. पहिला ट्रॅक लावा, मग थेट शेवटचा, मग मधला. उडी मारून गाणं लगेच सुरू व्हायला हवं. गाडीतल्या प्लेअरची परीक्षा खड्ड्यांच्या रस्त्यावर घ्या, उभ्या गाडीत नको. पाचपैकी पाच सीड्या पास झाल्या तर त्याच डब्यातल्या बाकीच्या घ्या. एक जरी नापास झाली तरी दुसरा डबा बघा, कारण एका डब्यातला माल बहुतेक वेळा एकाच खेपेचा असतो.

परवानगीबद्दल थोडं

बैठकीचं रेकॉर्डिंग वाटायचं असेल तर गाणाऱ्याला आणि साथीदारांना आधी विचारा. आपल्या कॉपीराईट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंतालाही हक्क दिलेला आहे. मिरज हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, इथले कलावंत मोकळ्या मनाचे आहेत, विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. घरच्या ऐकण्यासाठी स्वतःच्या कॅसेटची सीडी करणं वेगळं, आणि तीच सीडी करून विकणं वेगळं.

नाव लिहिणं आणि ठेवणं

वर नाव लिहायला पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि शक्य तेवढं मधल्या पारदर्शक गोलावर लिहा, तिथे गाणं नसतं. कागदी स्टिकर लावू नका. एक बाजू जड होऊन सीडी डुलते, आणि गाडीच्या उष्णतेत गोंद सुटला की स्टिकर प्लेअरमध्ये अडकतो. तो काढायला गेलात तर खालचा लेप घेऊनच निघतो. वरून पांढऱ्या, प्रिंटरने छापता येणाऱ्या सीड्या मिळाल्या तर जरूर घ्या, त्या पांढऱ्या थराने वरच्या बाजूला थोडं संरक्षण मिळतं.

सीडी कडक प्लास्टिकच्या डबीत, उभी ठेवा. कापडी पाऊचमध्ये दाबून भरलेल्या सीड्यांना ओरखडे पडतात. जागा कोरडी, अंधारी आणि थंड हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत जास्त दिवस ठेवण्यासाठी २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ती कुठल्या कुठे जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी डबीबंद सीड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळावं. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर सीडी एक दुपारही ठेवू नका. देवळात किंवा मांडवात वाजवायची असेल तर ती डबीतून काढून लगेच प्लेअरमध्ये घाला. उडणारा गुलाल आणि भंडारा बारीक असतो, तो पुसताना ओरखडे उठतात. पुसायचंच झालं तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा गाण्याच्या वाटेवरूनच जातो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही.

सांगलीच्या गावभागात किंवा कृष्णाकाठी राहत असाल तर सीड्या वरच्या मजल्यावर ठेवाव्यात हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगायला नको. तरीही पाण्यात गेल्याच तर चिखल वाळू देऊ नका आणि तो घासून काढूही नका. कागदी कव्हरं ओली असतानाच काढून टाका, वाळली की ती वरच्या लेपाला चिकटतात. स्वच्छ पाण्याची धार सोडून चिखल जाऊ द्या, सीडी सावलीत उभी ठेवून वाळवा आणि प्लेअरवर वाजवण्याआधी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

मूळ फाईल मात्र हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी असलीच पाहिजे. सीडी ऐकायला आणि द्यायला आहे, एकमेव प्रत म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, प्रत्येक डब्यातल्या एक-दोन सीड्या काढून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतून वाचून बघा. कोडच्या वहीत राईट केल्याची तारीख, वेग आणि सीडी कुणाला दिली ते नाव, एवढं टिपलेलं असू द्या. एखादी सीडी अडखळायला लागली तर त्याच डब्यातल्या बाकीच्या कुणाकडे गेल्या आहेत ते लगेच सापडतं, आणि त्यांचं गाणं अडकायच्या आत त्यांना नवी सीडी करून देता येते.